पुढील हुकूम होईपर्यंत

एका शिक्क्यावरच्या एका वाक्यापासून सुरुवात करतो. मूळ वाक्य जर्मन आहे. मराठीत त्याचा आशय असा : ‘हे ओळखपत्र बाळगणाऱ्यास पुढील हुकूम होईपर्यंत श्रमसेवेतून मोकळे ठेवले आहे.’ १९४२ च्या जुलै महिन्यापासून ॲमस्टरडॅम शहरातल्या हजारो ज्यू माणसांच्या ओळखपत्रांवर हा शिक्का उमटू लागला. ज्यांना तो मिळाला त्यांत एक फार मोठा गट होता ‘ज्यू मंडळा’च्या नोकरवर्गाचा. हे मंडळ जर्मन अमलाच्या हुकमाने उभे राहिले होते, आणि त्यात काम करणारी माणसे मात्र सारी ज्यू होती. ‘श्रमसेवा’ म्हणजे काय हे त्या वेळी कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे लागेल, एवढे कळत होते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या दरबारी किंवा सरकारी चाकरी झाली आहे, त्यांना ‘पुढील हुकूम होईपर्यंत’ हे शब्द नवे नाहीत. नेमणुकीच्या, बदलीच्या कागदांत ते असतातच, आणि सवयीने आपण ते वाचतही नाही. त्याच घरांतल्या माळ्यावरच्या पेटीत एखादी मोडी सनद असेल तर तिच्या तळाशी ‘मोर्तब सुद’ किंवा ‘लेखनसीमा’ असा लहानसा शिक्का सापडेल. मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही जोडू नये, असे तो शिक्का सांगतो. ॲमस्टरडॅमचा शिक्का याच्या नेमका उलट होता. मजकूर अजून संपलेला नाही, असे तो सांगत होता. आणि ज्याच्या हाती तो पडे, तो ते शब्द सोडून बाकीचे सारे वाचत असे.

विषय परदेशातला आहे. ज्यू म्हटले की मराठी माणसाला आधी कोकणातले बेने इस्राएल आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, आणि ते घरात आपल्यासारखेच मराठी बोलत. त्यांच्या वाट्याला यातले काही आले नाही. म्हणून ही हकीकत जिथली आहे तिथेच, हॉलंडात, ठेवून सांगतो.

आधी ते ओळखपत्र समजून घ्यायला हवे, कारण शिक्का त्याच्यावर उठत होता. हॉलंडात लोकसंख्या-नोंदणीची पद्धत युद्धापूर्वीपासूनच फार चोख होती. प्रत्येक नागरिकाचे एक कार्ड नगरपालिकेत असे. माणूस गाव बदलून गेला की कार्डही त्याच्या मागोमाग नव्या गावी जाई. या खात्याचा प्रमुख याकोब लेंट्स हा आपल्या कामावर जीव जडलेला अधिकारी होता. साऱ्या देशाला सक्तीचे ओळखपत्र द्यावे ही त्याची जुनी इच्छा. डच सरकारने मार्च १९४० मध्ये ती फेटाळली; सरसकट सर्वांना ओळखपत्र बाळगायला लावणे म्हणजे प्रत्येक नागरिकाकडे संशयित म्हणून पाहणे, आणि ते आमच्या परंपरेत बसत नाही, असे सरकारचे म्हणणे पडले. दोन महिन्यांनी जर्मन फौजा आल्या आणि लेंट्सची इच्छा पुरी झाली. खास कागद, त्यात जलचिन्ह, छायाचित्र, बोटाचा ठसा, विशिष्ट दिव्याखाली फसवणूक उघडी पाडणारी शाई. बर्लिनच्या पोलिसांनी हे पत्र तपासले तेव्हा ते जर्मनीतल्या ओळखपत्राहूनही सरस ठरले. एप्रिल १९४१ पासून ते वाटले जाऊ लागले.

त्याआधी, जानेवारी १९४१ मध्ये, ज्यूंनी आपली नोंद करावी असा हुकूम निघाला होता. ज्याच्या आजी-आजोबांपैकी एक जण जरी ज्यू असेल त्यालाही तो लागू होता. सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नोंद केली. त्यांतले एक लाख चाळीस हजार जर्मन व्याख्येप्रमाणे पूर्ण ज्यू. नोंद न करणारे फार थोडे निघाले. आज आपल्याला याचे आश्चर्य वाटते, पण कायदा पाळणाऱ्या देशात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसाने सरकारी फॉर्म भरला यात त्या वेळी नवल काही नव्हते. मग नव्या ओळखपत्रांवर ठळक ‘जे’ अक्षर आले. यापुढे रस्त्यात कोणीही कागद मागितला की प्रश्न तिथेच सुटत असे.

ज्यू मंडळ जन्मले १३ फेब्रुवारी १९४१ रोजी. शहराच्या ज्यू वस्तीत डच नाझींनी धुडगूस घातला, तिथल्या तरुणांनी हात उगारला, आणि जर्मनांनी समाजातल्या प्रतिष्ठितांना बोलावून शांतता राखण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. मंडळाचे दोन अध्यक्ष झाले. हिऱ्यांचे मोठे व्यापारी अब्राहम आस्सर आणि विद्यापीठात प्राचीन इतिहास शिकवणारे प्राध्यापक डेव्हिड कोहेन. दोघांनीही युद्धापूर्वी जर्मनीतून पळून आलेल्या निर्वासितांसाठी वर्षानुवर्षे खपून काम केले होते. हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे त्यांच्यावर जे आरोप झाले ते अशा माणसांवर झाले, की ज्यांना लोकांच्या उपयोगी पडण्याची सवयच लागली होती.

याच वेळी त्यांना विरोध करणारा एक माणूस होता. लोडेवाइक व्हिसर हे डच सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष होते. ज्यू म्हणून त्यांना पदावरून दूर करण्यात आले होते. त्यांचे म्हणणे साधे होते. आपण डच नागरिक आहोत. आपली गाऱ्हाणी आपण डच प्रशासनाकडे नेऊ. जर्मनांशी परस्पर बोलणारी वेगळी कचेरी मान्य करणे म्हणजे आपले नागरिकत्व आपणच सोडणे. कोहेन यांचे उत्तर असे, की समोर आहे त्याच्याशीच व्यवहार करावा लागतो. दोघांत पत्रांतून कडवट वाद झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये व्हिसर वारले आणि त्या बाजूचा सर्वांत वजनदार आवाज थांबला. मला स्वतःला व्हिसर यांचा विचार अधिक सरळ वाटतो. पण त्या मार्गाने किती माणसे वाचली असती, याचे गणित कोणी मांडू शकत नाही, आणि निकाल ठाऊक असताना बाजू निवडणे सोपे असते.

मंडळाचे काम वाढतच गेले. ज्यू मुलांना शाळांतून काढले, तेव्हा मंडळाने शाळा चालवल्या. नोकऱ्या गेलेल्यांना मदत दिली. जर्मन हुकूम छापणारे साप्ताहिक काढले. १९४२ च्या मे महिन्याच्या आरंभी पिवळा तारा छातीवर लावण्याची सक्ती झाली तेव्हा ५,६९,३५५ तारे वाटण्याचे काम मंडळाकडेच आले. एका ताऱ्याला चार सेंट आणि कापडाच्या रेशनचे एक कूपन. शेवटच्या पाचापर्यंत मोजलेला हा आकडा कागदपत्रांत टिकून आहे. कारकुनी चोख होती.

मग जुलै १९४२ उजाडला. ५ जुलैला पहिली बोलावणी टपालाने घरोघर आली. ॲन फ्रँकची मोठी बहीण मार्गो हिलाही त्या दिवशी असेच पत्र आले, आणि दुसऱ्या दिवशी ते कुटुंब लपायला गेले, हे पुष्कळांनी वाचलेले असेल. लोक आपणहून हजर होईनात, तेव्हा १४ तारखेला सुमारे सातशे जणांना रस्त्यांतून ओलीस धरले गेले. १५ तारखेला गाड्या सुरू झाल्या. आधी देशाच्या ईशान्येकडच्या वेस्टरबोर्क छावणीत, तिथून पूर्वेला.

याच आठवड्यांत शिक्का आला. मंडळाचे काम चालू राहण्यासाठी नोकरवर्ग लागतो, तेव्हा त्यांना तूर्त वगळू, असे जर्मन कचेरीने म्हटले. या कचेरीचे नाव होते ‘ज्यू स्थलांतराची केंद्रीय कचेरी’, आणि तिथला कारभार फर्डिनांड आउस देर फ्यूंटेन नावाच्या एसएस अधिकाऱ्याच्या हाती होता. मंडळाच्या वाट्याला सुमारे साडेसतरा हजार सवलती आल्या. शिक्के क्रमांकाचे होते. प्रत्येक वर्गाची वेगळी मालिका : परदेशी नागरिकत्वाच्या ज्यूंची, ख्रिस्ती झालेल्यांची, मिश्र विवाह असलेल्यांची, लष्करी मालाच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची, मंडळाच्या लोकांची. काही शिक्के हिरे आणि सोने मोजून विकतही मिळत. लोक आपसांत ‘स्पेर’ म्हणत. अडसर, अटकाव असा त्याचा अर्थ. तुला स्पेर आहे का, हा त्या हिवाळ्यात ॲमस्टरडॅममधला पहिला प्रश्न झाला होता.

इथे जरा थांबायला हवे, कारण साऱ्या विषयाची गाठ इथे आहे. शिक्के किती द्यायचे ते जर्मनांनी ठरवले. कोणाला द्यायचे, हे मोठ्या अंशी मंडळावर सोपवले. न्यूवे काइझर्सग्राख्ट या कालव्यावरच्या ५८ क्रमांकाच्या इमारतीत मंडळाची मुख्य कचेरी होती. तिथे रांगा लागल्या, रडारड झाली, वशिले लागले. मुलगा-सून, भाचा, शेजारी, जुना ग्राहक, प्रत्येकाला कुठल्या तरी पदावर बसवता आले तर एक जीव वाचणार होता. ज्यांची कधी गरज नव्हती अशी पदे निर्माण झाली. ज्याच्या ओळखी होत्या, ज्याचे शिक्षण झाले होते, जो मध्यम किंवा वरच्या वर्गातला होता, त्याचे नाव यादीत आले. हातगाडीवर फळे विकणारा, जुने कपडे गोळा करणारा, हिऱ्यांच्या कारखान्यात नोकरी गमावून बसलेला मजूर यांना मंडळात ओळखणारे कोणी नव्हते. पहिल्या गाड्या त्यांनी भरल्या.

अशा वेळी आपण काय केले असते, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. मी तो बाजूला ठेवू इच्छितो, कारण त्याच्या उत्तराने आपलीच परीक्षा होते आणि इतिहास मागे राहतो. कागद काय करत होता ते पाहणे अधिक उपयोगाचे आहे. आज अमुकाला वगळले म्हणजे त्याच्या जागी दुसरे कोणी जाणार, कारण गाडीतल्या माणसांचा आकडा ठरलेला होता. शिक्का ज्याच्या खिशात होता त्याला हे कळत होते, आणि न कळल्यासारखे करूनच दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागत होते.

त्या कामाचे रूप कसे होते ते सांगतो. १९४२ च्या जूनअखेरपासून ज्यूंना रात्री आठ ते सकाळी सहा घराबाहेर पडायला बंदी होती. ट्राम बंद, सायकली जमा करून घेतलेल्या. मंडळाच्या माणसांना मात्र दंडावरची पट्टी आणि परवाने होते, आणि धरपकडीच्या रात्री ती बाहेर असत. पकडून आणलेल्यांना पांघरुणे देणे, घरी राहिलेले औषध आणून देणे, म्हाताऱ्यांना गाडीत चढायला हात देणे, ही कामे त्यांची होती. मदत खरी होती. त्या मदतीमुळे गाड्या वेळेवर सुटत, हेही खरे होते.

एट्टी हिलेसुम ही अठ्ठावीस वर्षांची तरुणी जुलै १९४२ मध्ये मंडळात टंकलेखनाला लागली. तिची रोजनिशी पुढे जगभर वाचली गेली. तिथे बसणे तिला असह्य झाले आणि दोनच आठवड्यांत तिने आपण होऊन वेस्टरबोर्क छावणीत बदली मागून घेतली. मंडळाची नोकर म्हणून तिच्याकडे प्रवासाचा परवाना होता, त्यामुळे छावणीतून ॲमस्टरडॅमला ती काही वेळा येऊन गेली. लपून राहण्याचा मित्रांचा आग्रह तिने मानला नाही. जुलै १९४३ मध्ये छावणीतल्या मंडळ-नोकरांची सवलत रद्द झाली. निम्म्यांनी शहरात परतायचे, निम्म्यांनी तिथेच कैदी म्हणून राहायचे. आईवडील आणि भाऊ छावणीत होते म्हणून ती राहिली. ७ सप्टेंबरला ती गाडीत बसली आणि नोव्हेंबरअखेर ऑश्विट्झमध्ये मरण पावली. काल कर्मचारी, आज कैदी. मधे फक्त ‘पुढील हुकूम’ आला होता.

त्याच अधिकाराचा निराळा उपयोग एका माणसाने केला. वॉल्टर स्यूस्किंड जर्मनीतून आलेला, लोण्याला पर्याय म्हणून वापरतात त्या मार्गारीनच्या धंद्यातला व्यवस्थापक. मंडळाने त्याला एका नाट्यगृहात नेमले. पकडलेल्या ज्यूंना वेस्टरबोर्कला नेईपर्यंत या नाट्यगृहात कोंडून ठेवत. लहान मुले समोरच्या पाळणाघरात ठेवली जात. तिथल्या प्रमुख होत्या हेन्रिएट पिमेंटेल. स्यूस्किंडला जर्मन अस्खलित येत असे, आउस देर फ्यूंटेनशी त्याचे बोलणे-चालणे होते. याच्या आडोशाने तो नोंदवहीतून मुलांची नावे गाळी, आकडे जुळवून ठेवी. कार्ड नाही म्हणजे मूल नाही. पाळणाघराशेजारी शिक्षकांचे अध्यापन महाविद्यालय होते. तिथले प्राचार्य योहान फान हुल्स्ट यांनी मागचा मार्ग मोकळा ठेवला. रस्त्यातून ट्राम जाऊ लागली की पहारेकऱ्याची नजर क्षणभर अडे, आणि तेवढ्यात कोणी तरी पिशवी किंवा टोपली घेऊन बाहेर पडे. अशी सुमारे सहाशे मुले वाचली असे मानतात. पिमेंटेलबाई ऑश्विट्झला मारल्या गेल्या. स्यूस्किंडची पत्नी आणि मुलगी तिथेच गेल्या. तो स्वतः १९४५ च्या आरंभी मेला.

बाहेरूनही कागदावर घाव घातला गेला. २७ मार्च १९४३ च्या रात्री विलेम आरोन्डेउस या लेखक-चित्रकाराच्या पुढाकाराने काही जण पोलिसांच्या वेषात नगरपालिकेच्या नोंदणी कचेरीत शिरले आणि कार्डांना आग लावली. विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी सावकाशीने आणि सढळ हाताने पाणी मारले, म्हणजे उरलेले कागद भिजून जावेत. तरीही सुमारे पंधरा टक्केच नोंदी नष्ट झाल्या. बारा जणांना १ जुलैला गोळ्या घातल्या. लेंट्सच्या पद्धतीत प्रत्येक ओळखपत्राची छायाचित्र आणि ठशासह एक प्रत हेगमध्ये होती. ती इमारत ब्रिटिश विमानांनी ११ एप्रिल १९४४ रोजी उद्ध्वस्त केली, तोवर ज्यूंच्या बाबतीत उशीर झाला होता.

कारण मधल्या काळात ‘पुढील हुकूम’ हप्त्याहप्त्याने आला होता. २१ मे १९४३ रोजी आउस देर फ्यूंटेनने मंडळाला सांगितले, की आपल्या नोकरांपैकी सात हजार जणांची नावे द्या. आता गाळायची माणसे घरातली होती. पुढाऱ्यांनी विचार केला आणि होकार दिला. काही तरी वाचवता येईल, हाच जुना हिशेब. मंडळाचे कारकून रात्रंदिवस कार्डांच्या पेट्यांपुढे बसून सहकाऱ्यांची नावे वेगळी काढत राहिले. ज्यांना पत्रे गेली त्यांतले फार थोडे हजर झाले. तेव्हा २६ मे रोजी जर्मनांनी जुनी ज्यू वस्ती वेढली आणि सुमारे तीन हजार लोक नेले. त्यात शिक्केवाले होते, बिनशिक्क्याचे होते. २० जूनला शहराच्या दक्षिण आणि पूर्व भागांतून साडेपाच हजार. २९ सप्टेंबरला अखेरची धाड पडली. आस्सर आणि कोहेन यांनाही वेस्टरबोर्कला नेले आणि मंडळ संपले. सव्वा वर्षापूर्वी ज्या क्रमाने लोकांना वगळले होते, त्याच्या उलट क्रमाने त्यांना गोळा केले गेले.

हॉलंडमधून एक लाख सात हजार ज्यू नेले गेले. परतले पाच हजारांच्या आसपास.

दोन्ही अध्यक्ष वाचले. आस्सर बेर्गेन-बेल्सनहून, कोहेन टेरेझिनहून परतले. नोव्हेंबर १९४७ मध्ये डच सरकारने त्यांना अटक केली. पुढे १९५१ मध्ये खटला सोडून दिला. ज्यू समाजाच्या स्वतःच्या पंचायतीने त्याच वर्षअखेर, १९४७ मध्ये, ठरवले की या दोघांनी पुन्हा कधी समाजाचे कोणतेही पद घेऊ नये. तो निर्णय १९५० मध्ये मागे घेतला. आस्सर यांनी ती पंचायत मानलीच नाही. ते समाजापासून तुटले आणि १९५० मध्ये वारले तेव्हा ज्यू स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले नाही.

या सगळ्याचा इतिहास लिहिण्याचे काम १९५० मध्ये जाक प्रेसर या इतिहासकाराकडे आले. ते काम पंधरा वर्षे चालले. प्रेसर स्वतः मंडळाच्या व्यवस्थेतल्या शाळेत शिक्षक होते. त्यांची पत्नी बनावट ओळखपत्रावर प्रवास करताना मार्च १९४३ मध्ये पकडली गेली आणि सोबिबोरला मारली गेली. १९६५ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि त्यात मंडळावर कठोर टीका आहे : वरच्या वर्गाने स्वतःला वाचवण्यासाठी गरिबांना पुढे केले, असा तिचा रोख. नंतरच्या अभ्यासकांनी ही टीका सौम्य केली. मंडळ नसते तरी गाड्या सुटल्याच असत्या, पोलीस आणि रेल्वे डचच होती, असे त्यांनी दाखवले. मला दोन्ही बाजू पटतात, आणि तरी वर्गाचा प्रश्न प्रेसर यांनी विचारला तसा दुसऱ्या कोणी विचारलेला नाही असे वाटते. लेंट्सला मिळाली तीन वर्षांची शिक्षा.

मंडळाच्या कार्डांच्या पेट्या मात्र टिकल्या. युद्धानंतर रेड क्रॉसने त्यांच्या आधारे कोण कुठे गेले याचा शोध घेतला; नातलगांची पत्रे वर्षानुवर्षे येत होती. ती कार्डे आजही ॲमस्टरडॅममध्ये जतन केलेली आहेत. तळहाताएवढे कार्ड, टंकलेखन यंत्राने किंवा हाताने लिहिलेले : नाव, जन्मतारीख, पत्ता. पुष्कळ कार्डांवर मधेच एक ओळ येते, ‘पदामुळे पुढील हुकूम होईपर्यंत सवलत’. तिच्यापाशी पुढे केव्हा तरी, बहुधा दुसऱ्याच हाताने, वेस्टरबोर्कला पोहोचल्याची तारीख घातलेली असते, आणि मग गाडीची.